झाकली मूठ

माझे मामा तासगाव तालुक्यातले. हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, आता मुलाबरोबर द्राक्षबाग बघतात. गावात कुणाचं काही अडलं की लोक अजूनही त्यांच्याच ओसरीवर येतात. कधी वाटणीचा तंटा असतो, कधी मुलीचं स्थळ, तर कधी लग्नाला तीन-चार वर्षं होऊनही पाळणा हलला नाही म्हणून काळजीत पडलेलं घर. मी सांगलीत मूत्ररोगतज्ज्ञ आहे आणि पुरुषांचं वंध्यत्व हे माझं रोजचं काम. या एका विषयावर आमचं कधी पटलेलं नाही. पुरुषाच्या या गोष्टी उघड्यावर आणून तुम्ही डॉक्टर लोक घरं मोडता, असं मामांचं म्हणणं. त्या झाकून ठेवल्यामुळेच घरातली बाई मोडते, असं माझं.

मध्यंतरी भावकीतल्या एका सुनेची फाइल घेऊन ते दवाखान्यात आले आणि ओपीडी संपल्यावर आमचा वाद जो सुरू झाला तो दिवेलागणीपर्यंत चालला. त्यांच्या संमतीने तो इथे देतो आहे. त्यांची बाजू मी कापलेली नाही. माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या पुष्कळ माणसांच्या मनात तीच असते, पण मामांइतकी ती स्पष्ट कुणी बोलून दाखवत नाही.

मामा : हे सगळे रिपोर्ट बघ. पोरगी गुणाची आहे, पण कूस उजवत नाही. पुण्याला न्यावं का मुंबईला, एवढंच सांग.

मी : मामा, हिची पाळी वेळेवर आहे, अंडं तयार होतंय, थायरॉईड ठीक आहे. नळ्यांत औषध सोडून एक्स-रे काढलाय, नळ्या मोकळ्या आहेत. मग भूल देऊन पोटात दुर्बीणही घातलीय. त्यातही काही सापडलं नाही. तीन वर्षं एकट्या हिचीच तपासणी चाललीय. मुलाचा कागद कुठाय?

मामा : त्याचा कसला कागद?

मी : वीर्यतपासणीचा.

मामा : अरे, तालमीत वाढलेला गडी तो. पन्नास किलोचं पोतं एका दमात खांद्यावर घेतो. त्याला काय धाड भरलीय?

मी : पोतं उचलण्याची ताकद आणि शुक्राणू तयार होणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वृषणात दोन कामं चालतात. एका प्रकारच्या पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात, त्यातून दाढी-मिशा, भरदार आवाज, स्नायू, इच्छा हे सगळं येतं. शुक्राणू बनतात ते बारीक नळ्यांमध्ये, वेगळ्या पेशींपासून. पहिलं काम उत्तम चालू असताना दुसरं पूर्ण बंद असू शकतं. शंभर पुरुषांमागे साधारण एकाच्या वीर्यात एकही शुक्राणू नसतो, आणि त्यातल्या बहुतेकांना संसारात कसलीच उणीव जाणवलेली नसते. वीर्य दिसतं, संबंध नीट येतात, मग शंका तरी कशी यावी? ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्याशिवाय कळत नाही.

मामा : आणि कळलं की काय होतं, ते तू बघितलंयस? मी बघितलंय. आमच्या गावातल्या एकाचा रिपोर्ट तालुक्याच्या लॅबमधून फुटला. तिथला पोरगा याच्या मेव्हण्याचा दोस्त. आठ दिवसांत गावभर झालं. पारावर बसणारा माणूस पारावर यायचा बंद झाला, मग यात्रेला यायचा बंद झाला आणि शेवटी जमीन वाट्याने देऊन मुंबईला निघून गेला. बाईत दोष निघाला तर घर कसंबसं सावरतं. दीराचं पोर मांडीवर घेतात, दत्तक घेतात. बाप्यात निघाला तर तो माणूस उरतच नाही. म्हणून म्हणतो, झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी : मूठ झाकून धरलीय कुणी, ते बघा मामा. या पोरीने धरलीय. तिच्या सासूने तिला सोळा सोमवार करायला लावले असतील. जावेच्या डोहाळजेवणाला तिला मागच्या खोलीत बसवलं असेल. दर महिन्याला पाळी आली की घरातल्या सगळ्यांचे चेहरे तिलाच वाचावे लागतात. आणि शास्त्र काय सांगतं? मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाचा काही ना काही वाटा असतो. काहींत फक्त पुरुषाचं कारण, काहींत दोघांचं. म्हणजे पहिल्याच दिवशी दोघांना तपासायला हवं.

मामा : दोघांना तपासायचं हे शास्त्र झालं. समाज शास्त्राने चालत नाही. र. धों. कर्व्यांनी हेच उघड सांगितलं, पुढे त्यासाठी 'समाजस्वास्थ्य' मासिकही काढलं ना? काय मिळालं त्यांना? प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरला.

मी : त्या खटल्यात १९३४ साली त्यांची बाजू कोर्टात कुणी मांडली, तेही सांगा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. कर्वे १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते मासिक चालवत होते. वाचकांची पत्रं येत होती म्हणूनच ना? विचारणारी माणसं तेव्हाही होती. आणि त्याच्याही मागे जायचं तर तुम्ही वर्गात महाभारत शिकवलंय. पांडूला शापामुळे संतती होणार नव्हती. त्याने ते दडवलं का? त्याने स्वतः कुंतीला सांगितलं आणि मार्ग काढायला सांगितलं. दोष माझ्याकडे आहे असं म्हणणारा नवरा आपल्या सगळ्यात मोठ्या ग्रंथात आहे.

मामा : पांडू राजा होता. त्याच्यावर पारावर बसून कोण हसणार?

याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. गरिबाची आणि गावात राहणाऱ्याची लाज जास्त महाग असते, हे मामांचं म्हणणं खरं आहे. शहरात माणूस चार स्टॉप पुढच्या लॅबमध्ये जाऊन येतो. तालुक्याच्या गावी लॅब दोन, दोन्ही बाजारपेठेत, दोन्हीकडे ओळखीचं कुणीतरी. नमुना द्यायला जी जागा असते ती बहुतेक ठिकाणी रुग्णांचाच संडास. कडी धड लागत नाही, खिळ्याला प्लॅस्टिकचा मग अडकवलेला, बाहेर लघवीची डबी हातात घेतलेल्या आजोबांची खोकल्याची उबळ, आणि पाचव्या मिनिटाला दारावर थाप. तिथे माणसाने डबीत नमुना द्यायचा! कित्येक जण रिकाम्या हाताने बाहेर येतात आणि 'आपल्याला तेही जमलं नाही' असा समज घेऊन घरी जातात. निम्मा नमुना सांडला हे लाजेने न सांगता डबी पुढे करणारेही आहेत. पहिल्या थेंबांत शुक्राणू सगळ्यात जास्त असतात, तेच सांडले तर काउंट कमी येणारच. मग त्या एका खोट्या आकड्यावर दोन माणसांचं आयुष्य हलतं.

मी : तुमच्या गावच्या माणसावर जो प्रसंग आला त्याचं कारण रिपोर्ट फुटला हे होतं. लॅब चुकली, तपासणी चुकली नाही. म्हणून आम्ही इथे डबीवर नाव घालत नाही, नंबर घालतो. कागद त्या दोघांच्या हाती जातो; आईच्या नाही, सासऱ्यांच्या नाही आणि तुमच्याही नाही. तासाभराच्या अंतरावर घर असेल तर नमुना घरी घेऊन, डबी अंगाच्या उबेला शर्टाच्या आत ठेवून आणली तरी चालते. आधी दोन ते सात दिवस संबंध नकोत, एवढंच पथ्य. आणि एका रिपोर्टवर मी कधीच शिक्का मारत नाही. काही आठवड्यांनी दुसरा करतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या पुस्तिकेत मिलीलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा धरली आहे. पण त्याच्या खाली असणाऱ्यांनाही मुलं होतात, वर असणाऱ्यांनाही अडचण येते. तो आकडा म्हणजे पास-नापासाचा निकाल नव्हे. शिवाय दोन महिन्यांपूर्वी सणकून ताप येऊन गेला असेल तरी काउंट पडलेला दिसतो.

मामा : दोन महिन्यांपूर्वीच्या तापाचा आज काय संबंध?

मी : बागेतलं तुम्हाला ठाऊक आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घड धरतो आणि तो डोळ्यांना दिसतो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. शुक्राणूचं तसंच. तयार व्हायला साधारण ७४ दिवस, वर बाहेर येईपर्यंतचे काही. म्हणजे आजचा रिपोर्ट गेल्या तीन महिन्यांबद्दल बोलतो. तंबाखू आज सोडली तर फरक तीन महिन्यांनी बघायचा. लोक पंधरा दिवस गोळ्या खाऊन पुन्हा काउंट करतात आणि निराश होतात.

मामा : बरं, एक विचारतो. तालमीवरून आठवलं. हा पोरगा हल्ली तालीम सोडून तासगावच्या जिमला जातो. तिथला मास्तर कसली इंजेक्शनं देतो म्हणे, अंग भरायला. त्याने तर मर्दानी ताकद वाढत असणार.

मी : कसली इंजेक्शनं?

मामा : नाव नाही ठाऊक. आठवड्याला एक, कुल्ल्यावर. छाती बघण्यासारखी झालीय.

इथे मला वादाचं भान राहिलं नाही. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या पंचविशी-तिशीतल्या मुलांत ही गोष्ट वारंवार दिसते आणि दर वेळी तितकीच चीड येते. मेंदूखालची पियूषिका ग्रंथी वृषणांना हुकूम देते तेव्हा ती काम करतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की पियूषिकेला वाटतं, अंगात भरपूर आहे, आणि हुकूम बंद होतो. वृषणाच्या आत या हॉर्मोनचं प्रमाण रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त लागतं, तेव्हा शुक्राणू बनतात. इंजेक्शनाने रक्तातलं वाढतं, आतलं कोसळतं. दंड फुगतात, वृषणं आकसतात, रिपोर्ट 'निल' येतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या सुमारास हेच इंजेक्शन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासून पाहिलं होतं, आणि सहा महिन्यांत बहुसंख्य पुरुषांचा काउंट शून्यावर आला होता. जे औषध मूल होऊ नये म्हणून तपासलं गेलं ते आपली मुलं पुरुषत्वासाठी टोचून घेत आहेत. काउंट वाढावा म्हणून हेच लिहून देणारे डॉक्टरही आहेत, हे त्याहून वाईट.

मामा : म्हणजे पोरगा कायमचा गेला?

मी : नाही. इंजेक्शनं थांबवली तर बहुतेकांचं परत सुरू होतं. सहा महिने लागतात, कधी वर्ष-दीड वर्ष. काहींना दुसरी औषधं द्यावी लागतात. पण आधी कळायला तर हवं. आणि समजा तसंच निघालं, तर तिच्या पोटातली दुर्बीण, तिचे तीन वर्षांचे उपास, सगळं कशासाठी झालं ते सांगा.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग विषय बदलल्यासारखं करत त्यांनी त्यांचा सगळ्यात जुना राग बाहेर काढला. तो मी आधी कधी ऐकला नव्हता.

मामा : तुला वाटतं आम्ही अडाणी म्हणून घाबरतो. १९७६ साली मी नुकताच नोकरीला लागलो होतो. आणीबाणी. शिक्षकांना नसबंदीच्या केसेस आणायचं टार्गेट. केस आणली नाही तर पगार अडकायचा. मी स्वतः माणसांच्या दारात गेलोय, हात जोडलेत. जीप आली की गडी उसात जाऊन झोपायचे. बार्शीत तर बाजाराला आलेली माणसं उचलल्याचं आम्ही ऐकलं. तेव्हापासून गावातल्या पुरुषाला एवढं पक्कं माहीत आहे की सरकारी डॉक्टर कमरेखाली हात लावायला लागला की पळायचं. तुम्ही आता म्हणता, विश्वास ठेवा, चड्डी काढा, तपासतो. तो विश्वास तुमच्याच लोकांनी घालवलाय.

मी : हे खरं आहे. त्या एका वर्षात देशात साठ लाखांवर पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, आणि त्यातल्या कितीतरी जबरदस्तीने. पण पुढे काय झालं बघा. पुरुष सुटला आणि सगळा भार बाईवर गेला. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या विवाहितांमध्ये नसबंदी केलेल्या बायका ३७.९ टक्के आणि पुरुष ०.३ टक्के. मूल नको असेल तर ऑपरेशन तिचं. मूल हवं असेल तर तपासणी तिची, इंजेक्शनं तिला. पुरुषाची नसबंदी टाक्याशिवाय काही मिनिटांत होते, तरी नाही. त्या वर्षी पुरुषांवर अन्याय झाला. त्याची भरपाई बायका अजून करत आहेत.

मामा : ते मान्य. पण भीती आहे ती आहे.

मी : तिला एकच उपाय, की तपासणीत काय होतं ते आधी सांगणं. मी काय करतो? माणसाला उभं करतो, दोन्ही वृषणं हाताने बघतो, आकार किती, घट्ट आहेत का, वीर्यवाहिनी लागते का. खोकायला सांगतो. डाव्या बाजूला शिरा फुगलेल्या असतील तर बोटांना कळतं, त्याला व्हेरिकोसील म्हणतात. डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते म्हणून ती बहुधा डावीकडेच फुगते. वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश गारवा लागतो. फुगलेल्या शिरांत रक्त साचून तिथली ऊब वाढते. ज्यांना मूल नाही अशा पुरुषांत तिघांमागे एकाला तरी हे सापडतं. ऑपरेशनने निम्म्याहून जास्त लोकांचा काउंट सुधारतो. तपासायला पाच मिनिटं लागतात, दुखत नाही. आणि एवढ्यासाठी वर्षानुवर्षं कुणी त्यांना कॉटजवळ उभंच केलेलं नसतं.

मामा : एक मात्र मला पटत नाही. आमच्या वडिलांच्या पिढीत दहा-दहा पोरं व्हायची. आता कुणाला विचारा, काउंट कमी. म्हणजे हवा-पाणी, खाणं, फवारणी यानेच सगळं बिघडलं, आणि तुम्ही एकेकाला पकडून दोष लावता.

मी : यात तुम्ही बरेचसे बरोबर आहात. जगभरच्या जुन्या-नव्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१७ आणि २०२२ साली मोठे निबंध आले. १९७३ पासून शुक्राणूंचं सरासरी प्रमाण निम्म्यावर आलं असं त्यांनी मांडलं. मोजण्याच्या पद्धती मधल्या काळात बदलल्या, म्हणून त्यावर वाद आहे. पण फवारणीचं म्हणता तर एक गोष्ट तुमच्या बागेशी जोडलेली सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियात लेथ्रॉप नावाच्या गावी एक कीडनाशकाचा कारखाना होता. जमिनीतल्या सूत्रकृमींवर तिथे डीबीसीपी नावाचं औषध बनायचं. द्राक्षबागांतही ते वापरात होतं. १९७७ साली तिथल्या कामगारांच्या आपसांत बोलताना लक्षात आलं की आपल्यापैकी कुणालाच हल्ली मूल झालेलं नाही. तपासलं तर एकामागून एक रिपोर्ट शून्य किंवा अगदी कमी. उंदरांवरच्या प्रयोगांत वृषणं आकसतात हे १९६१ पासून छापलेलं होतं. कामगारांना कुणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षांत अमेरिकेत त्याच्यावर जवळपास सगळीकडे बंदी आली. मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांतल्या हजारो मजुरांना मात्र त्याची किंमत मोजावी लागली, आणि त्यांचे खटले पुढे कित्येक वर्षं चालले.

मामा : सूत्रकृमी आम्हालाही छळतात.

मी : आज तुम्ही मारता त्या प्रत्येक औषधाविरुद्ध इतका थेट पुरावा आहे असं मी म्हणणार नाही. पण ब्लोअरवर उघड्या अंगाने, तोंडाला नुसता रुमाल बांधून पोरगं बसतं, त्याला हातमोजे आणि मास्क द्या. आणि त्या गोष्टीत मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की ते कामगार एकमेकांशी बोलले म्हणून कारण सापडलं. प्रत्येकाने झाकून ठेवलं असतं, तर प्रत्येकाच्या घरी बायकोचेच उपचार चालू राहिले असते.

मामा : ठीक आहे, बोलावं. पण बोलल्यावर तुम्ही लोक त्याला नेऊन कुठे उभा करता? टेस्ट ट्यूबवाल्याच्या दारात. केईएमला १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजांनी देशातलं शास्त्रीय नोंद असलेलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आणलं तेव्हा मी वर्गात पेपर वाचून दाखवला होता. महापालिकेच्या दवाखान्यात झालं याचा अभिमान होता. आता बघ. रस्त्याच्या दर वळणाला गुबगुबीत बाळाचा बोर्ड. दीड-दोन लाख एका वेळेचे. जमीन गहाण टाकून दोनदा केलेली घरं मला ठाऊक आहेत. पाळणा रिकामा आणि सातबाऱ्यावर बोजा.

मी : हा तुमचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. १९९२ साली ब्रुसेल्समध्ये इक्सी निघाली, एकच शुक्राणू सुईने अंड्यात सोडायची पद्धत. ज्यांचा काउंट अगदीच कमी त्यांच्यासाठी ते वरदान आहे. वीर्यात शुक्राणू नसलेल्या काहींच्या वृषणातून ते शोधून काढता येतात, तेही खरं. पण त्यातून एक वाईट सवय लागली. एक शुक्राणू मिळाला की काम भागतं, मग पुरुषाला तपासायचं कशाला? म्हणजे व्हेरिकोसील नवऱ्याला आणि पोटावर रोज टोचून घेतेय बायको, दहा-बारा दिवस. अंडी काढायला भूल तिला. आणि तरुण बाईलाही एका प्रयत्नात मूल होण्याची शक्यता निम्म्याहून कमीच, हे पैसे भरताना स्वच्छ सांगितलं जात नाही. २०२१ साली कायदा आला, आता उपचार केंद्राची नोंदणी लागते. पुरुषाला ५५ आणि बाईला ५० ही वयाची मर्यादा आहे, दात्याचे शुक्राणू नोंदणी असलेल्या बँकेतूनच घ्यावे लागतात. कायद्याने थोडा धाक बसेल. पण पुरुषाची नीट तपासणी आधी झाली तर कितीतरी घरांना त्या दारात जावंच लागणार नाही.

मामा : आणि ज्यांच्यात काहीच उपाय नाही?

मी : असतात. जन्मतः एक्स गुणसूत्र जास्त असतं, गालगुंड वयात आल्यावर होऊन वृषणांना सूज येऊन गेलेली असते, लहानपणी अंडकोशात न उतरलेली वृषणं वेळेत उतरवलेली नसतात. या शेवटच्याचं तर वाईट वाटतं, कारण बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर आणि दीड वर्षाच्या आत ऑपरेशन केलं तर पुष्कळ वाचतं. आंघोळ घालणाऱ्या आजीने सांगितलेलं असतं, 'एकच लागतंय', आणि 'मोठा झाला की येईल खाली' म्हणून सोडलेलं असतं. जिथे उपाय नाही तिथे मी तसं स्पष्ट सांगतो. दत्तक आहे, दात्याचा मार्ग आहे, दोघांनी दोघांपुरतं राहणंही आहे. खोटी आशा विकत नाही.

मामा : वसतिगृहात माझ्याकडे मुलं यायची. धातू जाते म्हणून वाळत चाललेली. भिंतीवरच्या गुप्तरोगवाल्याच्या जाहिराती वाचून फीचे पैसे तिकडे दिलेली. मी त्यांना थंड पाण्याने आंघोळ करा, व्यायाम करा एवढंच सांगायचो. झोपेत वीर्य जाणं रोग नाही, हे मला ठाऊक होतं. वर्गात उभं राहून कधी बोललो नाही. शिक्षकाने ते बोलायचं नसतं असाच आमचा संस्कार.

मी : दहावीतल्या मुलाला रात्री अचानक वृषणात असह्य कळ आली तर पीळ पडलेला असू शकतो आणि सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं नाही तर ते वृषण जातं. मुलं लाजेने सकाळपर्यंत पोट दुखतंय म्हणतात. एवढं जरी मुख्याध्यापकाने वर्षातून एकदा सांगितलं तरी चार मुलांची वृषणं वाचतील.

मामा : आता शाळेत माझं कुणी ऐकेल का ठाऊक नाही. पण या पोराला घेऊन येतो. तासगावात नको, इथेच तुझ्याकडे. त्याच्या आईला सांगेन, सांगलीला औषधांची खरेदी आहे म्हणून. माझं मत मात्र बदललेलं नाही. गावाला हे कळता कामा नये.

मी : गावाला कळायची काहीच गरज नाही. त्या पोरीला कळायला हवं. तिला बरोबर आणा.

मामा : तिला?

मी : हो. कागद दोघांच्या हातात देणार आहे. तिच्याबद्दलचे सगळे कागद साऱ्या भावकीने बघितलेत, पिशवीत घालून तुम्ही माझ्याकडे आणलेत. त्याच्याबद्दलचा एक कागद तिने बघितला तर बिघडलं कुठे?

यावर मामा काही बोलले नाहीत. पिशवी मात्र त्यांनी माझ्या टेबलावरून उचलली आणि फाइल तिच्याच हाती परत देईन म्हणाले.

ज्यांच्या घरी लग्नाला वर्ष उलटून गेलं आहे, मूल हवं आहे आणि दिवस राहत नाहीत, त्यांना माझी विनंती आहे. बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर वर्षही थांबू नका, सहा महिने पुरे. दवाखान्यात दोघांनी एकाच दिवशी जा. पाचशे-हजार रुपयांत होणारी वीर्यतपासणी सगळ्यात आधी करा, कमी आली तर पुन्हा करा, आणि पुरुषाला डॉक्टरने हाताने तपासल्याशिवाय पुढच्या कुठल्याही खर्चाला हो म्हणू नका. काउंटसाठी कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन लिहून दिलं तर ते घेऊ नका. सुनेच्या पोटात दुर्बीण घालायची तारीख ठरली असेल आणि मुलाचा तो एक कागद अजून फाइलला लागलेला नसेल, तर तारीख पुढे ढकला.